नाक वाहतंय हे भूलतज्ज्ञांना सांगायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सहा वर्षांचा, वजन १८ किलो. रात्री घोरतो, तोंडाने श्वास घेतो. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या वाढलेल्या गाठी) काढायचे ठरलेत, सोमवारी सकाळी आठची वेळ मिळाली आहे. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, ‘मास्क लावून गॅसने झोपवू.’ नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की गॅसचा मेंदूवर परिणाम होतो, इंजेक्शनचीच भूल मागा. दोन दिवसांपासून नाक वाहतंय, पण सांगितलं तर तारीख पुढे जाईल म्हणून आजींचं म्हणणं, गप्प बसा. आणि जाता जाता: पुढच्या महिन्यात वडिलांचं हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, त्यांनाही गॅसच का?

तुम्ही गॅसवर दहा ओळी लिहिल्यात आणि नाकावर अर्धी. माझ्या दृष्टीने महत्त्व नेमकं उलट आहे. कोणता गॅस, किती टक्के, किती वेळ हे आम्हा भूलतज्ज्ञांचं काम आहे आणि त्यासाठी डोळ्यांसमोर मॉनिटर असतो. मुलाचं नाक कधीपासून वाहतंय, रात्री श्वास अडतो का, सकाळी लपून बिस्किट खाल्लं का, हे मात्र कुठल्याच मॉनिटरवर दिसत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. तरी गॅसपासूनच सुरू करते, कारण तो नीट कळला की नाकाचा मुद्दा आपोआप कळेल.

आम्ही ज्याला गॅस म्हणतो तो मुळात गॅस नसतो. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी सेव्होफ्लुरेन देतात. ते बाटलीत पाण्यासारखं द्रव असतं. भुलीच्या मशीनवर पिवळ्या खुणेची एक टाकी असते, तिला व्हेपोरायझर म्हणतात. तिच्यातून ऑक्सिजन जाताना सेव्होफ्लुरेनची ठरावीक वाफ सोबत घेऊन जातो. किती वाफ जाईल ते टाकीवरच्या चकतीने ठरतं. झोपवताना चकती सहसा ८ टक्क्यांवर असते, मूल झोपलं की २ ते ३ टक्क्यांवर आणतात. आयसोफ्लुरेन आणि डेस्फ्लुरेन ही त्याचीच भावंडं, पण ती नाकाघशाला झोंबतात, खोकला आणतात. म्हणून जाग्या मुलाला मास्कवर ती देत नाहीत. सेव्होफ्लुरेनचा वास सौम्य असतो.

डोस मोजायला आमच्याकडे ‘मॅक’ नावाचं माप आहे. ज्या प्रमाणाला निम्मे रुग्ण चीर पडताना हलत नाहीत, ते एक मॅक. सेव्होफ्लुरेनसाठी चाळिशीच्या माणसात ते साधारण २ टक्के, तुमच्या मुलाच्या वयात अडीच टक्के, तान्ह्या बाळात तीनच्या वर. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी ते सुमारे ६ टक्क्यांनी उतरतं. म्हणजे लहान मुलाला टक्केवारीत मोठ्यांपेक्षा जास्त गॅस लागतो. फाईलवर हा आकडा बघून घाबरू नका.

शरीरात गेलेल्या सेव्होफ्लुरेनपैकी जेमतेम २ ते ५ टक्के यकृतात मोडतं. बाकी सगळं जसं आलं तसं श्वासावाटे बाहेर पडतं. चकती बंद केली आणि मूल नीट श्वास घेत राहिलं की पाच-दहा मिनिटांत ते हलायला लागतं. दिलेली भूल अशी परत काढून घेता येते, ही तिची जमेची बाजू. पूर्वीचं हॅलोथेन २० टक्क्यांपर्यंत शरीरात मोडायचं, क्वचित यकृताला गंभीर इजा करायचं आणि हृदयाची लयही बिघडवायचं.

घरातली मोठी माणसं अजून ‘क्लोरोफॉर्म देणार का?’ असं विचारतात, म्हणून थोडं विषयांतर. क्लोरोफॉर्मने माणसं का दगावतात यावर निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले होते. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. आयोग म्हणाले, आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, तेव्हा श्वासावर नजर ठेवली की पुरे. १९११ मध्ये लेव्ही या ब्रिटिश डॉक्टरांनी प्रयोगांतून दाखवलं की अर्धवट क्लोरोफॉर्ममध्ये शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळलं तर हृदयच आधी बंद पडू शकतं. आज क्लोरोफॉर्म ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कुठेही वापरत नाहीत. आणि सिनेमात रुमाल नाकाला लावला की दोन सेकंदांत माणूस कोसळतो, तसं क्लोरोफॉर्मनेही होत नसे आणि सेव्होफ्लुरेननेही होत नाही.

मग ‘गॅस की इंजेक्शन?’ बहुतेक वेळा हा प्रश्नच चुकीचा असतो, कारण दोन्ही लागतात. गॅस झोपवतो, पण दुखणं थांबवायला फारसा उपयोगी नाही. त्यासाठी फेंटॅनिलसारखं इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल देतात. श्वासनळीत ट्यूब घालायला मदत म्हणून कधी प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं झोपेचं औषध देतात, कधी स्नायू सैल करणारं औषध. खरा फरक फक्त सुरुवात कशाने करायची इतकाच आहे. मास्कने सुरुवात केली की सुई मूल झोपल्यावर टोचता येते. सुईला घाबरणाऱ्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. पण वॉर्डातच हाताला सुई लावून आणलं असेल तर मास्कचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. प्रोपोफॉलने अर्ध्या मिनिटात झोप लागते आणि पुढे गॅसवर ठेवतात. सुई आधीच लावायची असेल तर भूल देणारं मलम, ज्यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असतं, टोचण्याच्या जागी तासभर आधी जाड थरात लावून वर चिकटपट्टी लावायला सांगा. दहा मिनिटांपूर्वी लावलेल्या मलमाचा काही उपयोग होत नाही.

मास्क लावल्यावर काय दिसतं ते आधीच सांगून ठेवते. काही ओटीत आईला किंवा वडिलांना झोप लागेपर्यंत आत येऊ देतात, काही ठिकाणी दारातूनच निरोप घ्यावा लागतो. आत असाल तर पहिली वीस-तीस सेकंदं मूल शांत दिसेल. मग डोळे वर फिरतील, बुबुळं इकडेतिकडे जातील, हातपाय झाडले जातील, श्वास घोरल्यासारखा वाजेल. ‘अहो, त्याला त्रास होतोय!’ असं म्हणून पालक नेमके याच वेळी पुढे सरसावतात. हा भुलीतला उत्तेजनाचा टप्पा. मुलाला तो आठवत नाही आणि एखाद्या मिनिटात तो ओसरतो. तेवढं झालं की कपाळावर हात फिरवायचा आणि सांगितल्याबरोबर बाहेर पडायचं, कारण यानंतरची दोन मिनिटं आमचं पूर्ण लक्ष मुलाच्या श्वासावर हवं असतं. तुम्हाला आत येऊ देणार नसतील आणि मुलगा फार रडका असेल तर मिडाझोलाम हे तोंडाने देण्याचं गुंगीचं औषध मिळेल का विचारा. ते सुमारे अर्धा तास आधी द्यावं लागतं. घोरणाऱ्या मुलाला मात्र ते जपून, कमी मात्रेत आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावूनच द्यायचं असतं. घरून झोपेचं कुठलंही सिरप देऊन आणू नका.

आता नाक. उत्तेजनाच्या त्या टप्प्यात, आणि शेवटी ट्यूब काढताना, मूल ना पूर्ण जागं असतं ना पूर्ण झोपलेलं. तेव्हा स्वरयंत्रावर शेंबडाचा, लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंब पडला तरी स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटून दार बंद करू शकतात. याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. छाती वरखाली होते, पण हवा आत जात नाही. मोठ्या माणसाच्या मानाने मुलाला किलोमागे जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसातली शिल्लक थोडी असते, त्यामुळे ऑक्सिजन भराभर उतरतो. यावर उपाय ठरलेले आहेत. मास्क घट्ट धरून दाबाने शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, जबडा पुढे ओढायचा, तेवढ्याने दार उघडलं नाही तर प्रोपोफॉल, आणि तरीही नाही तर सक्सिनिलकोलीन, म्हणजे स्नायू झटपट सैल करणारं औषध. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत मोकळं होतं. पण सर्दीने श्वासनलिका चिडलेल्या असतील तर हे घडण्याची शक्यता बरीच वाढते. टॉन्सिलचं ऑपरेशन त्याच वाटेवरचं, म्हणून त्यात आणखी भर. घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर अजून भर. दमा असेल तर आणखीनच.

मग दोन दिवसांचं वाहतं नाक म्हणजे तारीख गेलीच का? नाही. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. अ‍ॅडिनॉइड वाढलेल्या मुलाचं नाक वर्षाचे बारा महिने थोडंफार वाहतच असतं. ते पूर्ण कोरडं होण्याची वाट बघत बसलं तर ऑपरेशन कधीच व्हायचं नाही. मी चार गोष्टी विचारते. हे नेहमीचं वाहणं आहे की नवीन? पातळ पाणी आहे की हिरवं-पिवळं घट्ट? ताप आहे का, खोकला ओला आहे का, छातीत घरघर ऐकू येते का? मूल नेहमीसारखं खेळतंय-खातंय, की मलूल पडलंय? पातळ पाणी, ताप नाही, छाती साफ, घरभर धिंगाणा चालू, असं असेल तर बहुतेक वेळा ठरल्या दिवशीच पुढे जाता येतं. ताप, ओला खोकला, घरघर किंवा मलूलपणा यातलं काही असेल तर मी दोन ते चार आठवडे पुढे ढकलते. श्वासनलिकांचा चिडखोरपणा सर्दी गेल्यावरही काही आठवडे टिकतो, त्यामुळे ‘चार दिवसांनी या’ म्हणण्यात फारसा अर्थ नसतो.

सांगितल्याने तारीखच बदलते असं नाही, बऱ्याचदा फक्त पद्धत बदलते. आजींना हे जरूर समजावा. सर्दी आहे हे माहीत असेल तर मी मास्कने सुरुवात करण्याऐवजी सुईने प्रोपोफॉल देणं पसंत करते, कारण असा धोका असलेल्या मुलांत त्याने श्वास अडण्याचे प्रसंग कमी होतात. ऑपरेशनच्या थोडं आधी श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामोलची वाफ देते. ट्यूब काढायची वेळ वेगळी ठरवते. मदतीला दुसरं अनुभवी माणूस थांबवून घेते. म्हणजे तुम्ही जो प्रश्न विचारलात, गॅस की इंजेक्शन, त्याचं उत्तर तुम्ही लपवायला निघालेल्या माहितीवर अवलंबून आहे. आणि लपवून फार काही साधतही नाही. स्टेथोस्कोप छातीला लावला की घरघर ऐकू येतेच. मग ऑपरेशन सोमवारी सकाळी मूल उपाशी असताना, तुम्ही रजा टाकून आलेले असताना रद्द होतं. रविवारी फोन केलात तर निदान तेवढं टळतं.

पोटाचा नियमही याच धाटणीचा. भुलीत अन्ननलिकेचं खालचं दार ढिलं पडतं आणि ठसका लागून घसा साफ करण्याची ताकद जाते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरतं. आम्लामुळे फुप्फुस भाजल्यासारखं होतं, घन अन्नाने नळी बंद होऊ शकते. म्हणून हलकं जेवण आणि दूध यांच्यानंतर ६ तास, तळलेलं किंवा मटण-बिर्याणीसारखं जड जेवण असेल तर ८ तास, अंगावरच्या दुधानंतर ४ तास आणि स्वच्छ पातळ पेयानंतर २ तास. काही केंद्रं मुलांना पाणी १ तास आधीपर्यंत देतात. स्वच्छ पेय म्हणजे ज्या पेल्यातून पलीकडची छापील अक्षरं वाचता येतील ते: पाणी, साखरपाणी, गाळलेलं शहाळ्याचं पाणी, गर नसलेला सफरचंदाचा रस. दुधाचा चहा, ताक, पेज आणि संत्र्याचा रस यात बसत नाहीत.

आठच्या ऑपरेशनसाठी हिशेब असा. रात्री साडेआठ-नऊपर्यंत वरणभात किंवा पोळीभाजी. त्यानंतर दूधसुद्धा नको, कारण सहा तासांचा हिशेब पहाटे दोनवर जातो आणि तेव्हा कुणी मुलाला उठवून दूध पाजणार नाही. पहाटे साडेपाचला उठवून अर्धा-पाऊण कप साखरपाणी द्या, सहाच्या आत संपवा. ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ ही जुनी सरसकट सूचना अजून बऱ्याच ठिकाणी देतात. आपल्या भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, ‘सहापर्यंत पाणी दिलं तर चालेल का?’ त्या नाही म्हणाल्या तर त्यांचं ऐका, यादीत तुमचा नंबर पुढे-मागे होण्याची शक्यता त्यांनाच ठाऊक असते. उलट यादी लांबली, आठचे अकरा वाजले, तर पुन्हा पाणी देऊ का हेही विचारा. आठ-दहा तास कोरडं ठेवलेलं मूल चिडतं, त्याच्या शिरा सापडत नाहीत आणि उठल्यावर उलट्याही जास्त होतात.

इथे चूक कशी होते ते ठरलेलं आहे. आई फाईल घेऊन काउंटरवर असते, मूल रडतं, कुणीतरी मायेने एक बिस्किट किंवा चॉकलेट हातात देतं. एवढ्याशाने काय होतंय! असं झालं असेल तर लगेच सांगा. नंबर दुपारवर ढकलता येतो. कुणी रागावलंच तर पाच मिनिटं रागावेल.

आणखी तीन गोष्टी फाईलवर लिहिल्या गेल्यात का बघा. पहिली, घोरताना श्वास मध्येच थांबतो का. रात्री झोपेत एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणा. मला तो पुष्कळ वर्णनांपेक्षा उपयोगी पडतो. अशा मुलांचा घसा गॅसने सैल पडला की लवकर बंद होतो आणि अफूवर्गातल्या वेदनाशामकांचा परिणाम त्यांच्यावर जास्त होतो. म्हणून त्यांना कमी मात्रा देतात आणि त्या रात्री ऑक्सिजनच्या चिमट्यासह दवाखान्यातच ठेवतात. त्याच संध्याकाळी घरी सोडण्याचा हट्ट धरू नका. दुसरी गोष्ट, हलणारा दात. सहाव्या वर्षी पुढचे दात हलायला लागतातच. ट्यूब घालताना सुटून तो श्वासनळीत जाऊ नये म्हणून फारच ढिला असेल तर झोपल्यावर काढून तुमच्या हातात देतात.

तिसरी गोष्ट क्वचित आढळणारी, पण विचारायलाच हवी अशी. आईवडील, भावंडं, काका-मामा, चुलत-मावस कुणी भुलीत अचानक दगावलंय का, प्रचंड ताप चढून अंग ताठ झालंय का, ऑपरेशननंतर तासन् तास श्वास परत न आल्यामुळे व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलंय का? मॅलिग्नंट हायपरथर्मिया नावाचा एक आनुवंशिक दोष असतो. त्यात सेव्होफ्लुरेनसकट सगळे वाफेचे गॅस आणि सक्सिनिलकोलीन स्नायूंमध्ये जणू वणवा पेटवतात. आधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, नाडी धावते, जबडा-अंग ताठ होतं. ताप बऱ्याचदा नंतर भडकतो. डँट्रोलीन हे त्यावरचं औषध, किलोला अडीच मिलिग्रॅमने सुरुवात. नेहमीच्या २० मिलिग्रॅमच्या कुप्या, प्रत्येकीत ६० मिलिलिटर पाणी घालून विरघळवायच्या, आणि ते प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात नसतं. म्हणून संशय असेल तर गॅस अजिबात न वापरता फक्त शिरेतल्या औषधांवर भूल देतात. इथे मात्र ‘इंजेक्शनचीच भूल’ ही मागणी शंभर टक्के बरोबर ठरते. तसंच मूल उशिरा चालायला लागलं असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांडीवर हात टेकत वर चढतं असं दिसत असेल, पोटऱ्या अवाजवी जाड असतील, तर स्नायूंचा आजार असू शकतो. त्यातही गॅस टाळतात.

मेंदूची भीती उगाच पसरलेली नाही, तिला कारण आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ भूल दिली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होण्याची शक्यता आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलं होतं. पण तो इशारा फक्त गॅसबद्दल नव्हता, प्रोपोफॉल आणि मिडाझोलामही त्यात होती. म्हणजे गॅस टाळून इंजेक्शन मागितल्याने तो प्रश्न सुटत नाही. त्यानंतर तान्ह्या बाळांच्या हर्नियाच्या ऑपरेशनांवर काही देशांनी मिळून केलेल्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. एक तासाच्या आतली सेव्होफ्लुरेनची भूल आणि जागेपणी पाठीतून दिलेली भूल, दोन्ही गटांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकात पाचव्या वर्षी फरक नव्हता. तुमचा मुलगा सहा वर्षांचा, ऑपरेशन साधारण पाऊण-एक तासाचं, तेही एकदाच. मी या कारणासाठी ते थांबवणार नाही. रोज रात्री श्वास अडून झोपमोड होत असेल तर त्याचा अभ्यासावर, चिडचिडीवर आणि वाढीवर होणारा परिणाम जास्त ठोस आहे.

जागं होताना दोन गोष्टी होऊ शकतात. सेव्होफ्लुरेननंतर दोन ते सहा वर्षांची बरीच मुलं दहा-वीस मिनिटं अगदी बेभान होतात. किंचाळतात, सुई ओढतात, आईला ओळखतही नाहीत. डोळे उघडे असतात, पण मूल जागं नसतं. ते आपोआप ओसरतं आणि मुलाला आठवत नाही. हाताची सुई सांभाळायची, कुशीवर धरायचं, हलक्या आवाजात बोलायचं. गदागदा हलवणं, सगळ्या नातेवाइकांनी मिळून हाका मारणं यांनी ते वाढतं. शेवटी थोडं प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन हे शांत करणारं औषध दिल्याने हे कमी होतं. आधीच्या भुलीत असं झालं असेल तर आवर्जून सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे उलट्या. टॉन्सिलमध्ये गिळलेलं रक्त आणि गॅस, दोन्ही मळमळ आणतात. त्यासाठी ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन आधीच शिरेतून देतात. तपकिरी, जुन्या रक्ताची एखादी उलटी चालते. ताजं लाल रक्त किंवा मूल झोपेत सारखं घोट गिळताना दिसणं, याला लगेच सिस्टरना बोलवा.

घरी गेल्यावरची सर्वात नेहमीची चूक पॅरासिटामॉलच्या बाटलीची. डोस किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८ किलोला सुमारे २७० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. पण बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, अशी दोन्ही सिरपं सारख्याच दिसणाऱ्या खोक्यांत मिळतात. पहिल्यातलं ५ मिलिलिटर दिलं तर अर्धाच डोस जातो, मूल गिळत नाही, पाणी पीत नाही, आणि तिसऱ्या दिवशी कोरडं पडून परत येतं. बाटलीवरचा आकडा वाचून डॉक्टरांकडून ‘किती मिलिलिटर’ ते लिहून घ्या. दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतं, म्हणून पहिले पाच दिवस घड्याळ लावून द्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध या मुलांना अजिबात नको, काही मुलांच्या शरीरात त्याचं भराभर मॉर्फिन होतं आणि झोपेत श्वास थांबू शकतो. पाचव्या ते दहाव्या दिवसांत खपली पडताना पुन्हा रक्त येऊ शकतं. तेवढे दिवस गावाला जाऊ नका.

आता वडिलांचं. मोठ्यांना मास्कवर झोपवण्याची वेळ क्वचितच येते. हाताला सुई असते, प्रोपोफॉलने झोपवतात, श्वासनळीत ट्यूब घालतात आणि पुढे सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन किंवा डेस्फ्लुरेनवर ठेवतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो ‘गॅस’ वेगळा. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो तो त्याने, भुलीने नव्हे. मोठ्यांची ठरलेली भीती म्हणजे मध्येच जाग येण्याची. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत तशी तक्रार सुमारे १९,००० भुलींमागे एक अशी आढळली. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असताना प्रमाण त्याहून जास्त, ८,००० मागे एक. गॅसचा इथे एक फायदा आहे. रुग्णाने सोडलेल्या श्वासात किती टक्के गॅस आहे ते मॉनिटरवर दिसतं आणि साधारण ०.७ मॅकच्या खाली गेला तर वाजेल असा गजर लावता येतो. ‘श्वासातला गॅस मोजणारा मॉनिटर आहे ना?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

शुगर असेल तर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं. बीपीच्या काही गोळ्या त्या सकाळी टाळतात, काही घ्याव्याच लागतात. म्हणून नावं पाठ सांगण्याऐवजी गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, काढे-भस्मंसुद्धा.

आणि तंबाखू. सिगारेट विचारल्यावर लोक सांगतात, मिश्री आणि गुटखा मात्र सांगत नाहीत. गुटख्याने गालांची आतली बाजू कडक होऊन तोंड उघडणं कमी होतं, आणि ट्यूब तोंडातूनच घालायची असते. आज घरीच बघा: वडिलांना त्यांची स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर हे ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, तपासणीच्याच दिवशी भूलतज्ज्ञांना कळलं पाहिजे. कारण मग नाकातून लवचिक दुर्बिणीवर ट्यूब घालावी लागू शकते, तीही वडील अर्धवट जागे असताना, आणि ती दुर्बीण प्रत्येक रुग्णालयात नसते. आधीच मागवून ठेवावी लागते.